कोड चालतोय, तरी एडिटर लाल का दाखवतोय?

प्रोग्रॅम नीट चालतो, टेस्ट पास होतात, बिल्डही होतो. पण एडिटरमध्ये फाइल उघडली की इम्पोर्टच्या ओळींखाली लाल नागमोडी रेघा. सेव्ह करा, बंद करून पुन्हा उघडा, रेघा जागच्या हलत नाहीत. वैतागून एक्स्टेन्शन काढून परत टाकलं की जातात, आणि पुढच्या वेळी ब्रँच बदलली की पुन्हा हजर. हा त्रास इतका सर्रास आहे की बरेच जण शेवटी रेघांकडे बघणंच सोडून देतात. मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती याची. ज्या फाइलमध्ये खोट्या रेघांची गर्दी आहे, तिथे त्यात मिसळलेली एक खरी रेघ कुणालाच दिसत नाही, आणि ती चूक थेट वापरणाऱ्यापर्यंत पोहोचते.

मूळ गोष्ट एवढीच की एडिटर कोड चालवून बघत नाही. तो फायली वाचतो, मिळालेल्या सेटिंगवरून प्रोजेक्टचं एक चित्र मनाशी तयार करतो आणि त्या चित्रात न बसणाऱ्या ओळीखाली रेघ ओढतो. खोटी एरर येते तेव्हा बहुतेक वेळा कोड बरोबर असतो आणि चित्र चुकलेलं असतं. म्हणून दुरुस्त करायचं ते चित्र. रेघ लपवायचा विचार सगळ्यात शेवटी.

खाली मी मुख्यतः व्हीएस कोड (मायक्रोसॉफ्टचा कोड लिहायचा एडिटर) धरून लिहितोय, कारण विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांकडे तोच असतो. दुसरा एडिटर असला तरी कारणं तीच.

आधी एरर खोटी आहे याची खात्री

“पण चालतंय ना” हा पुरावा प्रत्येक भाषेत सारखा धरता येत नाही. गो, रस्ट, जावा किंवा सी++ मध्ये पूर्ण बिल्ड झाला आणि एडिटर तरीही लाल दाखवत असेल, तर एडिटरचंच काहीतरी चुकतंय हे जवळपास नक्की. पायथनमध्ये तसं नाही. तिथे ओळ प्रत्यक्ष चालेपर्यंत एखादं नाव अस्तित्वात आहे की नाही हे कळतच नाही. एक्सेप्ट ब्लॉकच्या आत चुकीचं नाव लिहिलं असेल, तर प्रोग्रॅम महिनोन्महिने बिनबोभाट चालेल आणि ज्या दिवशी नेटवर्क पडेल त्या दिवशी नेमएरर देऊन कोसळेल. एडिटर त्या नावाखाली पहिल्या दिवसापासून रेघ ओढत असतो.

टाइपस्क्रिप्टमध्ये, म्हणजे टाइपची तपासणी जोडलेल्या जावास्क्रिप्टमध्ये, तर आणखी फसगत होते. व्हीट आणि ईएसबिल्ड ही बिल्डची साधनं टाइप तपासत नाहीत, ते नुसते काढून टाकतात आणि उरलेलं जावास्क्रिप्ट पुढे पाठवतात. त्यामुळे ब्राउझरमध्ये पान उघडलं याचा अर्थ टाइप जुळले असा होत नाही. खात्री करायची तर प्रोजेक्टच्या मुख्य फोल्डरमध्ये टर्मिनल उघडून टीएससी हा कंपायलर नोएमिट पर्याय देऊन चालवा. तो फायली तयार न करता नुसती तपासणी करतो. पायथनसाठी पायराइट हा टाइप तपासणारा चेकर कमांड-लाइनवर चालवता येतो, आणि व्हीएस कोडमधलं पायथन तपासणारं एक्स्टेन्शन पायलान्स त्याच इंजिनावर उभं आहे. सी आणि सी++ साठी तुमचा रोजचा बिल्ड, पण आधीचं सगळं साफ करून, नव्याने केलेला.

टर्मिनल आणि एडिटर दोघांचं म्हणणं एकच आलं तर एरर खरी आहे, कोड सुधारा. टर्मिनल स्वच्छ आणि एडिटर लाल, असं असेल तरच पुढचं उपयोगाचं. उलटा प्रकारही होतो, म्हणजे एडिटर स्वच्छ आणि बिल्ड फेल. त्याचंही मूळ हेच असतं: दोघं दोन वेगळी चित्रं बघतायत.

रेघ ओढली कुणी?

सगळ्यात जास्त वेळ वाया जातो तो ही गोष्ट न बघितल्यामुळे. लोक “व्हीएस कोड एरर देतंय” म्हणतात, पण व्हीएस कोडला स्वतःला पायथन किंवा रस्ट येत नाही. मागे लँग्वेज सर्व्हर नावाचा वेगळा प्रोग्रॅम चालू असतो. तो कोड वाचतो आणि कुठल्या ओळीत काय खटकलं ते एडिटरला कळवतो. या दोघांनी एकमेकांशी कसं बोलायचं याचा प्रोटोकॉल मायक्रोसॉफ्टने रेड हॅट आणि कोडेन्व्ही यांच्यासोबत जून २०१६ मध्ये जाहीर केला. निओव्हिम आणि ईमॅक्सही आज तोच वापरतात. म्हणून व्हीएस कोड सोडून निओव्हिमला गेलात तरी तीच खोटी एरर तिथे भेटू शकते, कारण मागचा सर्व्हर अनेकदा तोच असतो.

कंट्रोल-शिफ्ट-एम दाबा (मॅकवर कमांड-शिफ्ट-एम). प्रॉब्लेम्सचं पॅनेल उघडेल. प्रत्येक ओळीच्या शेवटी फिकट अक्षरांत बोलणाऱ्याचं नाव आणि नियमाचा कोड असतो: टीएस २३०७ (टाइपस्क्रिप्टची एरर), ईएसलिंट (जावास्क्रिप्टचे नियम तपासणारं साधन) आणि पुढे नियमाचं नाव, पायलान्स आणि पुढे रिपोर्ट-मिसिंग-इम्पोर्ट्स, असं. हे नाव आधी वाचा. ईएसलिंटने ओढलेली रेघ टाइपस्क्रिप्टचा सर्व्हर रिस्टार्ट करून कधीच जाणार नाही, आणि पायलिंट या पायथन तपासणाऱ्या वेगळ्या साधनाच्या तक्रारीवर पायलान्सच्या सेटिंगचा काही उपयोग नाही. कित्येकदा एकाच ओळीवर दोघंतिघं बोलत असतात. एकाचं खरं असतं, दुसऱ्याचं खोटं.

रस्टमध्ये हा फरक फार कामाचा आहे. रस्ट-ॲनलायझर हा रस्टचा लँग्वेज सर्व्हर स्वतःच्या अंदाजानेही एरर दाखवतो आणि फाइल सेव्ह केल्यावर कार्गो चेक ही तपासणीची कमांड चालवून खऱ्या कंपायलरच्या एररही आणतो. लेबलवर रस्टसी असेल तर ती कंपायलरने दिलेली आहे, ती खरी माना. लेबलवर रस्ट-ॲनलायझर असेल आणि ओळीत मॅक्रो (कंपाइल होताना दुसरा कोड तयार करणारा तुकडा) असेल, तर शंका घ्यायला जागा आहे.

पायथन: चुकीच्या इंटरप्रिटरकडे बघणं

पायथनमधल्या खोट्या एररचं सगळ्यात मोठं कारण एकच. तुम्ही पॅकेज टाकलंय एका एन्व्हायर्नमेंटमध्ये (एका प्रोजेक्टपुरता वेगळा ठेवलेला पायथन आणि त्याची पॅकेजेस) आणि एडिटर बघतोय दुसऱ्याच इंटरप्रिटरकडे, म्हणजे कोड चालवणाऱ्या दुसऱ्याच पायथनकडे. टर्मिनलमध्ये तुम्ही व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट चालू करून प्रोग्रॅम चालवता, म्हणून तो चालतो. एडिटरला मात्र ते कुणी सांगितलेलं नसतं.

पायथनची फाइल उघडी ठेवून खाली उजव्या कोपऱ्यात बघा. तिथे पायथनची आवृत्ती आणि कंसात एन्व्हायर्नमेंटचं नाव दिसतं. आता टर्मिनलमध्ये पायथन उघडून सिस मोड्यूल इम्पोर्ट करा आणि त्यातलं एक्झिक्युटेबल छापा. दोन्हीकडचे रस्ते (पाथ, म्हणजे त्या पायथनचा पूर्ण पत्ता) एकच आहेत का? नसतील तर आजार सापडला. कंट्रोल-शिफ्ट-पी दाबून “पायथन: सिलेक्ट इंटरप्रिटर” ही कमांड द्या आणि टर्मिनलवाला रस्ता निवडा. यादीत तो दिसत नसेल तर रस्ता हाताने द्यायची सोय तिथेच आहे. यादीत न दिसण्याचं नेहमीचं कारण म्हणजे तुम्ही प्रोजेक्टचं फोल्डर उघडायच्या ऐवजी त्याच्या वरचं फोल्डर उघडलंय. एन्व्हायर्नमेंट दोन पायऱ्या आत राहिली तर एडिटर तिथपर्यंत शोधत जाईलच असं नाही.

संदेशाचे शब्द नीट वाचा, कारण दोन जवळजवळ सारख्या संदेशांत अर्थाचा फरक आहे. “कुड नॉट बी रिझॉल्व्ड” एवढंच असेल तर त्या नावाचं काहीच सापडलेलं नाही. शेवटी “फ्रॉम सोर्स” जोडलेलं असेल, आणि रेघ बहुधा पिवळी असेल, तर त्या लायब्ररीची टाइपची माहिती पायलान्सकडे आहे, पण खरी लायब्ररी निवडलेल्या इंटरप्रिटरमध्ये नाही. यामल इम्पोर्ट करताना हे हमखास भेटतं. पायलान्स लोकप्रिय लायब्रऱ्यांच्या टाइपच्या फायली स्वतःसोबतच आणतो, म्हणून ऑटोकम्प्लीट व्यवस्थित चालतं आणि माणूस गोंधळतो: सुचवतंय तर सगळं, मग रेघ कशाची? रेघ खरी आहे. पॅकेज टाका. आणि टाकताना लक्षात ठेवा की इम्पोर्टचं नाव आणि पॅकेजचं नाव वेगळं असू शकतं. यामलचं पॅकेज पायवायएएमएल, सीव्ही२ चं ओपनसीव्ही-पायथन, पीआयएलचं पिलो, एसकेलर्नचं सायकिट-लर्न.

इंटरप्रिटर बरोबर आहे, बाहेरच्या लायब्रऱ्या सापडतायत, पण स्वतःच लिहिलेलं मोड्यूल लाल दिसतंय, हा पुढचा प्रकार. प्रोग्रॅम सुरू होताना तुम्ही सिस-पाथमध्ये (पायथन मोड्यूल जिथे शोधतो त्या फोल्डरांच्या यादीत) फोल्डर जोडत असाल, तर ते चालत्या प्रोग्रॅमला कळतं; नुसत्या फायली वाचणाऱ्या सर्व्हरला कळत नाही. एसआरसी नावाचं फोल्डर पायलान्स आपणहून बघतो. कोड बॅकएंडच्या आत ॲप अशा कुठल्या फोल्डरमध्ये असेल तर सेटिंगमध्ये “एक्स्ट्रा पाथ्स” शोधून तो रस्ता द्या.

याच घरातला एक प्रकार लवकर ध्यानात येत नाही. स्वतःचं पॅकेज पिप या पॅकेज टाकायच्या साधनाने एडिटेबल पद्धतीने (कॉपी न करता मूळ फोल्डरशी जोडून) इन्स्टॉल केलेलं असतं, टर्मिनलमध्ये इम्पोर्ट होतं, आणि एडिटर म्हणतो सापडत नाही. २०२२ मध्ये आलेल्या सेटअपटूल्स (पायथनची पॅकेजेस बांधणारं साधन) ६४ पासून एडिटेबल इन्स्टॉलची पद्धत बदलली. फोल्डरच्या काही मांडण्यांमध्ये आता साधा रस्ता न लिहिता इम्पोर्ट हुक टाकला जातो, म्हणजे इम्पोर्टच्या क्षणी चालणारा छोटासा कोड. एडिटर कोड चालवत नाही, त्यामुळे हुकपलीकडचं त्याला काहीच दिसत नाही. उपाय दोन. पॅकेज एसआरसी मांडणीत, म्हणजे एसआरसी फोल्डरच्या आत, हलवा, किंवा इन्स्टॉल करताना सेटअपटूल्सला एडिटेबल मोड कम्पॅट असं सांगा. पहिला जास्त टिकाऊ.

विंडोजवर डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) वापरणाऱ्यांनी एक गोष्ट आधी तपासावी: डावीकडे खालच्या कोपऱ्यात डब्ल्यूएसएलचं नाव दिसतंय का? दिसत नसेल तर तुम्ही लिनक्समधल्या फायली विंडोजच्या डोळ्यांनी बघताय, आणि लिनक्समधली पॅकेजेस त्या डोळ्यांना दिसत नाहीत. नाव दिसत असेल तर एक्स्टेन्शन्सच्या यादीत बघा, पायथनचं एक्स्टेन्शन डब्ल्यूएसएलच्या बाजूलाही टाकलेलं असायला हवं. दूरच्या सर्व्हरवर किंवा कंटेनरमध्ये काम करतानाही हाच नियम.

पायलिंटचं ओपनसीव्ही या चित्रांवर काम करणाऱ्या लायब्ररीशी जमत नाही, हे कॉलेजातल्या प्रत्येक इमेज प्रोसेसिंगच्या प्रोजेक्टमध्ये दिसतं. सीव्ही२ नंतर काहीही लिहा, “नो-मेंबर” येतं. ती लायब्ररी आतून सी++ मध्ये आहे आणि पायलिंट सुरक्षिततेसाठी अशी कंपाइल केलेली मोड्यूल्स लोड करत नाही. पायलिंटच्या सेटिंगमध्ये “एक्स्टेन्शन पॅकेज अलाउ लिस्ट” आहे, त्यात सीव्ही२ लिहा. नो-मेंबर हा नियमच बंद करू नका. टायपिंगच्या बऱ्याच चुका तोच पकडतो.

टाइपस्क्रिप्ट: जुनं चित्र आणि दोन आवृत्त्या

टाइपस्क्रिप्टचा सर्व्हर प्रोजेक्ट मेमरीत धरून ठेवतो आणि फायली बदलल्या की तेवढाच भाग अद्ययावत करतो. एरवी हे छान चालतं. पण ब्रँच बदलली आणि एकदम शेकडो फायली इकडच्या तिकडे झाल्या, किंवा पॅकेजेस नव्याने टाकली, की कधी कधी त्याच्याकडे जुनंच चित्र राहतं. जमीन विकली गेली तरी फेरफाराची नोंद होईपर्यंत सातबारावर जुनंच नाव दिसतं, तसं. यावर उपाय म्हणजे कमांड पॅलेटमधून (कंट्रोल-शिफ्ट-पी) “टाइपस्क्रिप्ट: रिस्टार्ट टीएस सर्व्हर”. ही कमांड टाइपस्क्रिप्ट किंवा जावास्क्रिप्टची फाइल उघडी असतानाच यादीत येते. सापडत नाही म्हणून विचारणारे बरेच जण त्या वेळी जेसनची नाहीतर मार्कडाउनची फाइल उघडून बसलेले असतात.

रिस्टार्ट करून जाते आणि परत येते, अशी एरर असेल तर ते जुनं चित्र नव्हे. मग आवृत्ती तपासा. व्हीएस कोड स्वतःचं टाइपस्क्रिप्ट सोबत आणतो, आणि तुमच्या प्रोजेक्टच्या नोड-मोड्यूल्समध्ये, म्हणजे पॅकेजेसच्या फोल्डरमध्ये, वेगळी आवृत्ती असू शकते. बिल्ड प्रोजेक्टच्या आवृत्तीने होतो, रेघा एडिटरच्या आवृत्तीने येतात. “टाइपस्क्रिप्ट: सिलेक्ट टाइपस्क्रिप्ट व्हर्जन” देऊन “यूज वर्कस्पेस व्हर्जन” निवडा.

तिसरं कारण टीएसकॉन्फिग, म्हणजे टाइपस्क्रिप्टची सेटिंगची फाइल. एखादी फाइल त्याच्या इन्क्लूडमध्ये (घ्यायच्या फायलींच्या यादीत) बसत नसेल तर सर्व्हर तिला कुठल्याच प्रोजेक्टची मानत नाही आणि स्वतःच्या मनाने सेटिंग धरून तपासतो. टेस्टच्या फायलींना हे नेहमी होतं. कारण कुणीतरी बिल्डमधून टेस्ट वगळण्यासाठी त्या एक्सक्लूडमध्ये टाकलेल्या असतात. मग डिस्क्राइब आणि इट या टेस्ट लिहिताना येणाऱ्या शब्दांखाली टीएस २५८२ येते, “टेस्ट रनरचे टाइप टाका” असं सुचवते, आणि माणूस आधीच असलेलं पॅकेज पुन्हा टाकत बसतो. एडिटरसाठी सगळ्या फायली घेणारं एक टीएसकॉन्फिग आणि बिल्डसाठी त्याला एक्स्टेंड करून टेस्ट वगळणारं दुसरं, अशी विभागणी केली की हा प्रश्न मिटतो. नुसतं टीएसकॉन्फिग हे मूळ नाव एडिटरसाठीच्या फाइलला द्या, कारण एडिटर त्याच नावाची फाइल शोधतो.

फाइलच्या नावातलं लहान-मोठं अक्षर हा मुद्दा वेगळा सांगतो, कारण इथे एडिटरला खोटं ठरवणारे पुढे अडचणीत येतात. बटन नावाची फाइल आधी छोट्या बी ने होती, नंतर मोठ्या बी ने केली. विंडोज आणि मॅक ही दोन्ही नावं सहसा एकच मानतात, म्हणून तुमच्याकडे सगळं चालतं. एडिटर मात्र “नावात फक्त अक्षराच्या आकाराचा फरक आहे” म्हणून लाल दाखवतो. लिनक्सच्या सर्व्हरवर ही दोन वेगळी नावं आहेत, आणि बिल्ड तिथे फुटणार. गिटलाही हा बदल नीट कळावा म्हणून नाव गिटच्या एमव्ही कमांडने बदला, आणि सगळे इम्पोर्ट नव्या नावाचे करा. त्यानंतरही रेघ उरली तरच सर्व्हर रिस्टार्ट करा.

ईएसलिंटबद्दल एकच. एप्रिल २०२४ मध्ये आलेल्या आवृत्ती ९ पासून तो जुनी ईएसलिंट-आरसी फाइल आपणहून वाचत नाही, नवी कॉन्फिग फाइल मागतो. अपग्रेडनंतर अचानक नियम गायब झाले किंवा वेगळेच लागू झाले, तर आधी हे बघा.

सी आणि सी++: हेडर सापडत नाही

इथे एका एररची शंभर होतात. वरचं एक हेडर (इतर फायलींत वापरायचे टाइप आणि नावं सांगणारी फाइल) सापडलं नाही की त्यातले सगळे टाइप अनोळखी, आणि खालची अख्खी फाइल लाल. म्हणून सर्वात वरची रेघ सोडून बाकी कशाकडेही बघू नका.

कारण साधं आहे. हेडर कुठे आहेत हे कंपायलरला बिल्डची कमांड सांगते; एडिटरला ती कमांड माहीत नसते. ती कळवायची रीतसर पद्धत म्हणजे कंपाइल-कमांड्स नावाची जेसन फाइल, जिच्यात प्रत्येक सोर्स फाइल नेमक्या कुठल्या फ्लॅगने कंपाइल होते ते लिहिलेलं असतं. सीमेक या बिल्डच्या साधनात एक्स्पोर्ट कंपाइल कमांड्स हा पर्याय ऑन केला की मेक किंवा निन्जाच्या बिल्डसोबत ती आपोआप तयार होते. नुसतं मेक वापरत असाल तर बेअर नावाचं छोटं साधन मेकच्या आधी लावून बिल्ड करा. ते चालू बिल्डवर नजर ठेवून फाइल लिहून देतं. इन्क्लूड पाथ हाताने भरत बसण्यापेक्षा हे कितीतरी बरं, कारण हाताने भरलेली यादी प्रोजेक्ट वाढला की मागे पडते आणि रेघा परत येतात.

एम्बेडेडवाल्यांनी कंपायलर पाथ तपासावा. एडिटर लॅपटॉपचा जीसीसी (कंपायलर) धरून बसलेला असतो आणि तुमचा कोड बोर्डवरच्या एआरएम प्रोसेसरच्या जीसीसीसाठी असतो. दोघांचे आतले हेडर आणि मॅक्रो वेगळे. आणि क्लँगडी (सी++ चा एक लँग्वेज सर्व्हर) व मायक्रोसॉफ्टचं सी++ एक्स्टेन्शन दोन्ही एकदम चालू असतील तर एकाचं इंटेलिसेन्स (कोड वाचून सूचना देणारी सोय) बंद करा, नाहीतर प्रत्येक तक्रार दुहेरी येईल आणि कोण बरोबर हे कळणार नाही.

जावा आणि अँड्रॉइड

गेटर-सेटर लाल दिसणं म्हणजे बहुधा लोम्बोक, ही मेथड आपोआप लिहून देणारी जावाची लायब्ररी. ती वेगळ्या फायली न लिहिता कंपाइल होतानाच कोड जोडते, म्हणून एडिटरमध्ये लोम्बोकची सोय चालू आहे का ते बघा. प्रोटोबफचा (डेटाच्या वर्णनावरून कोड बनवणारं साधन) कोड मात्र बिल्डच्या वेळी तयार होतो, तोवर एडिटरला तो दिसत नाही. तिथे आधी एकदा पूर्ण बिल्ड करा आणि तयार झालेल्या कोडचं फोल्डर सोर्स म्हणून धरलं जातंय का ते बघा. व्हीएस कोडमध्ये “क्लीन जावा लँग्वेज सर्व्हर वर्कस्पेस” आणि इंटेलिजेत “इन्व्हॅलिडेट कॅशेस” हे त्यानंतरचे उपाय. इंटेलिजेत कॅशे उडवला की अख्ख्या प्रोजेक्टचं इंडेक्सिंग पुन्हा होतं, मोठ्या प्रोजेक्टला त्यात बराच वेळ जातो, म्हणून तो पहिला उपाय करू नका.

अँड्रॉइड स्टुडिओत आर हा (लेआउट, चित्रं अशा रिसोर्सेसची नावं धरणारा, आपोआप तयार होणारा) क्लासच सापडत नाही असं आलं तर कॅशेला दोष देण्याआधी लेआउटच्या एक्सएमएल फायली तपासा. रिसोर्समध्ये एक जरी चूक असली तरी आर क्लास तयार होत नाही, आणि रेघा मात्र कोटलिनच्या फायलींत दिसतात. म्हणजे दिसणारी एरर परिणाम आहे आणि कारण दुसऱ्या फाइलमध्ये बसलंय. बिल्डच्या आउटपुटमधली पहिली तक्रार वाचली की ती फाइल लगेच कळते.

खोटी वाटणारी, पण खरी

ओळ अगदी बरोबर दिसते, आणि पायथन “इनव्हॅलिड नॉन-प्रिंटेबल कॅरेक्टर यू+००ए०” म्हणतो. हा न तुटणारा स्पेस आहे. कोड व्हॉट्सॲपवरून, पीडीएफमधून किंवा वेबसाइटवरून कॉपी केला की साध्या स्पेसच्या जागी तो येतो. वर्डमधून घेतलेला कोड वळणदार अवतरणचिन्हं घेऊन येतो. डोळ्यांना फरक दिसत नाही. व्हीएस कोडने नोव्हेंबर २०२१ च्या आवृत्तीपासून अशी अदृश्य आणि फसवी अक्षरं चौकटीत दाखवायला सुरुवात केली. त्याच महिन्याच्या सुरुवातीला केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांनी अदृश्य अक्षरांनी कोडचा अर्थ कसा लपवता येतो हे ट्रोजन सोर्स नावाने मांडलं होतं. ती चौकट त्रासदायक वाटली तरी बंद करू नका.

मराठी मजकूर असलेल्या प्रोजेक्टसाठी मात्र एक जपा. “सगळी अदृश्य अक्षरं काढून टाका” अशी एक स्क्रिप्ट अख्ख्या कोडवर चालवायचा सल्ला मिळतो. मराठीत झिरो-विड्थ जॉइनर हे अदृश्य अक्षर खरोखर कामाचं आहे. कित्येक कीबोर्ड आणि जुने डेटाबेस “दऱ्या” हा शब्द साधा र, हलन्त आणि जॉइनर असा साठवतात. जॉइनर गेला की त्याचा “दर्या” होतो, डोंगरातल्या खोऱ्यांचा समुद्र होतो, आणि एकही टेस्ट हे पकडत नाही. स्वच्छता कोडच्या ओळींची करा, अवतरणातल्या मराठी मजकुराची नको.

रोमन लिपीत मराठी नावं देणाऱ्यांना स्पेलचेकरच्या निळ्या रेघाही छळतात. हप्ता, बचतगट, खातेदार, तालुका ही नावं त्याच्या शब्दकोशात नसतात. शब्दावर जाऊन तो वर्कस्पेसच्या यादीत जोडा आणि ती सेटिंगची फाइल गिटमध्ये टाका, म्हणजे टीममधल्या प्रत्येकाला तेच तेच करावं लागणार नाही. स्वतःच्या यूजर सेटिंगमध्ये जोडलं तर फक्त तुमच्याच मशीनवर रेघ जाते.

काहीच लागू पडत नसेल तर

हलक्या उपायापासून जड उपायाकडे जा. आधी त्या भाषेचा सर्व्हर रिस्टार्ट, मग “रिलोड विंडो”, मग एक्स्टेन्शन्सची तपासणी. शेवटच्यासाठी “स्टार्ट एक्स्टेन्शन बायसेक्ट” ही कमांड आहे आणि ती फार कमी लोक वापरतात. ती निम्मी एक्स्टेन्शन्स बंद करून विचारते, त्रास अजून आहे का? तुमच्या उत्तरावरून पुन्हा निम्मी. तीस एक्स्टेन्शन्स असली तरी पाचेक फेऱ्यांत दोषी सापडतं. एकेक बंद करत बसायची गरज नाही.

आउटपुट पॅनेलमध्ये उजवीकडच्या यादीतून आपला सर्व्हर निवडून त्याचा लॉग वाचा. कुठला इंटरप्रिटर धरला, कुठली कॉन्फिग फाइल वाचली, हे तिथे सहसा स्पष्ट लिहिलेलं असतं. चित्र कुठे चुकलं ते अंदाजाने शोधण्यापेक्षा सर्व्हरच्याच शब्दांत वाचणं सोपं.

गप्प करायचंच असेल तर

काही एरर खरोखर खोट्या असतात आणि त्यावर आज इलाज नसतो. लायब्ररीची टाइपची फाइल चुकीची असते, किंवा चेकरमध्येच बग असतो. तेव्हा दाबा, पण एकाच ओळीवर, एकाच नियमापुरतं, आणि कारण लिहून.

टाइपस्क्रिप्टमध्ये टीएस-इग्नोर ऐवजी टीएस-एक्स्पेक्ट-एरर वापरा. मे २०२० च्या ३.९ आवृत्तीपासून ते आहे. पहिला कायमचा गप्प करतो. दुसरा सांगतो की इथे एरर अपेक्षित आहे, त्यामुळे पुढे लायब्ररी सुधारली आणि एरर नाहीशी झाली की तोच ओरडून सांगतो की मला आता काढा. रस्टमध्येही १.८१ पासून असाच एक्स्पेक्ट आहे. पायथनमध्ये टाइप-इग्नोर ही कॉमेंट नुसती लिहू नका. पायराइट-इग्नोर लिहून चौकटी कंसात नियमाचं नाव द्या. आणि नुसती टाइप-इग्नोर फाइलच्या पहिल्या ओळीत, स्वतंत्र ओळ म्हणून, चुकूनही ठेवू नका. त्या जागी ती अख्ख्या फाइलला लागू होते. ईएसलिंटमध्ये डिसेबल-नेक्स्ट-लाइन, नियमाचं नाव, मग दोन डॅश आणि कारण.

या कॉमेंट साचत जातात, म्हणून निरुपयोगी झालेल्या कॉमेंट दाखवणारी सोय चालू ठेवा. मायपाय या पायथनच्या दुसऱ्या टाइप चेकरमध्ये वॉर्न-अनयूज्ड-इग्नोर्स, पायराइटमध्ये रिपोर्ट-अननेसेसरी-टाइप-इग्नोर-कॉमेंट. ईएसलिंट ९ च्या नव्या कॉन्फिगमध्ये ती मुळातच चालू आहे.

आणि चेकरचाच बग वाटत असेल तर तो कळवा, कारण तुम्हाला आलेली खोटी एरर आणखी हजारोंना येत असते. आधी दहा-पंधरा ओळींत तोच प्रकार घडवून दाखवणारा कोड तयार करा, ज्यात कंपनीचं काहीही नाही. तो टाइपस्क्रिप्टच्या किंवा पायराइटच्या ऑनलाइन प्लेग्राउंडमध्ये टाकून बघा. तिथे रेघ आली नाही तर बग तुमच्या सेटिंगमध्ये आहे, पुन्हा वरून सुरुवात करा. तिथेही आली तर रेघेच्या लेबलवर ज्याचं नाव आहे त्याच्या गिटहबवर जा. पायराइटची तक्रार व्हीएस कोडकडे केलीत तर ती इकडून तिकडे फिरत राहते. सोबत एडिटर, एक्स्टेन्शन आणि भाषा या तिघांच्या आवृत्त्या द्या, प्लेग्राउंडची लिंक द्या, आणि टर्मिनलवरच्या कंपायलरचं स्वच्छ आउटपुट जोडा.